करवतीच्या गळ्यातला टॉवेल

मित्रांनो, आधी दोन पावले मागे सरका. हं, तेवढे पुरे. आता ऐका.

मी विजेवर चालणारी एक जुनी गोल करवत आहे. माझ्या पात्याला गंज चढला आहे आणि माझी वायर तोडलेली आहे, म्हणजे मी आता कुणाचे काही वाकडे करू शकत नाही. तरी तुम्हाला मागे सरकायला सांगितले, कारण ज्याच्या हातात माझे आयुष्य गेले तो माणूस माझी ओळख करून देताना पहिल्यांदा हेच सांगायचा. त्याची शिस्त मोडायचे धाडस मला अजून होत नाही.

माझा जन्म झाला तेव्हा युगोस्लाव्हिया नावाचा देश होता. आता तो नकाशावर सापडत नाही, मी मात्र भिंतीवर सापडते. कारखान्यात माझी मोटर बसवली, पाते बसवले आणि पात्याखाली स्प्रिंगचे एक सरकते झाकण बसवले. लाकूड पुढ्यात आले की ते झाकण मागे सरकते आणि काम संपले की आपोआप मिटते. माझ्या सगळ्या अंगात मला तेच जास्त आवडते, कारण दात तर कुठल्याही करवतीला असतात.

तिथून मी सर्बियातल्या एका डोंगरी गावात विदोये मिस्त्रीकडे आले. विदोये घरांची छपरे बांधायचा. तोवर त्याने सगळे वासे हातकरवतीने कापले होते. मी आले त्या दिवशी शेजारीपाजारी अंगणात जमले आणि त्याचा मेहुणा तिहोमिर सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. तिहोमिर विदोयेच्याच हाताखाली काम करायचा, पण तोंड त्याचे कुणाच्याच हाताखाली नव्हते.

"दाजी, चालू कर की," तो म्हणाला. "नवी नवरी असल्यासारखं लांबून काय बघतोयस?"

विदोयेने मला उचलले, फळीवर ठेवले आणि प्लग न लावताच त्या फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवले. मग पुन्हा. मग पुन्हा. वायर कुठे अडकते, आपला पाय कुठे येतो, तुकडा कुठे पडेल, सगळे तो बघत होता. तिहोमिर हसून हसून बेजार झाला. "मेलेल्या करवतीने फळी कापतोय," असे तो सगळ्यांना सांगत सुटला. विदोयेचे सगळे बघून झाले तेव्हा कुठे त्याने प्लग लावला, आणि मी पहिल्यांदा गाऊ लागले. त्या क्षणापासून हा माणूस मला आवडला. ज्याला आपली भीती वाटते आणि तरीही जो आपल्याला नीट धरतो, अशा हातात राहण्यासारखे सुख नाही.

त्याच्या सवयी तुम्हाला सांगते. काम सुरू करण्याआधी तो शर्टाच्या बाह्यांची बटणे लावायचा. हातमोजे काढून ठेवायचा, कारण फिरत्या पात्याने मोज्याचा एक दोरा पकडला तरी हात आत ओढला जातो. डोळ्यांवर चष्मा चढवायचा. माझी वायर खांद्यावरून मागे टाकायचा, म्हणजे ती कधी माझ्या वाटेत येत नसे. पाते बदलताना माझा प्लग त्याच्या खिशात असायचा. नुसता बोर्डातून काढून ठेवलेला नाही, खिशातच. बाहेर ठेवलेला प्लग कुणीही येताजाता लावील, खिशात कोण हात घालणार, असे त्याचे म्हणणे होते. आणि तो कधीही माझ्या सरळ रेषेत मागे उभा राहत नसे. फळीतली चीर मिटली की पाते अडकते आणि मी मागे उसळते, तो माझा स्वभाव आहे. तो नेहमी बाजूला उभा राहायचा. मी उसळलेच, तर मला उसळायला त्याने मोकळी वाट ठेवलेली असायची.

लग्नाची अंगठी तो शिदोरीच्या पिशवीत काढून ठेवायचा आणि जेवायला बसताना परत घालायचा. त्याची बायको स्तामेंका जेवण घेऊन कामावर आली की म्हणायची, "रोज सकाळी मला सोडतोस आणि भाकरीचा वास आला की परत लग्न करतोस."

"बोट राहिलं तर अंगठी घालीन ना," विदोये म्हणायचा.

"घाल, घाल. कोबी गार होतोय."

एकदा तिहोमिरने घाईच्या दिवशी माझ्या सरकत्या झाकणात लाकडाची एक पाचर ठोकून ते कायमचे उघडे करून ठेवले. झाकण मध्ये मध्ये येते, वेळ जातो, असे त्याचे मत. मला लाजल्यासारखे झाले, उघड्या दातांनी मी दुपारपर्यंत फिरत होते. विदोये दुसऱ्या घरावरून आला, त्याने माझ्याकडे पाहिले, प्लग काढला, पाचर उपसली आणि खिशात टाकली. जेवायच्या वेळी तिहोमिरच्या ताटलीत मक्याच्या भाकरीऐवजी ती पाचर ठेवलेली होती.

"हे काय, दाजी?"

"तुझं जेवण. ज्यानं वेळ वाचवलास तेच खा."

त्या तालुक्यात सुतारांची फार बोटे गेली होती. तिहोमिर स्वतःच सांगायचा की बाजाराच्या दिवशी खानावळीत एखाद्या सुताराने पंजा दाखवून पाच पेले मागवले तर चारच येतात. लोक हसायचे, आणि हसता हसता आपापले हात टेबलाखाली घ्यायचे. विदोयेचा पंजा मात्र पुरा होता. त्याच्या पाच म्हणण्याला पाचच यायचे, आणि खरे सांगते, याचा मला माझ्या धारेपेक्षा जास्त गर्व होता.

आता ज्या दिवसामुळे मी तुमच्याशी बोलते आहे, तो दिवस सांगते.

तिकडे घराचे आढे चढले की मोठा समारंभ असतो. नातेवाईक आणि शेजारी शर्ट, कापड, टॉवेल घेऊन येतात आणि ते आढ्यावर बांधले जातात. वाऱ्यावर सगळे फडफडू लागले की घर नटलेले दिसते. मग घराचा मालक मिस्त्री लोकांना मानाचे टॉवेल देतो. हे साधे टॉवेल नव्हेत. घरच्या मागावर विणलेले, लाल नक्षीचे, दोन्ही टोकांना लांब दशा असलेले. मालक तो टॉवेल मिस्त्रीच्या गळ्यात घालतो आणि छातीवर सैल गाठ मारतो, आणि स्वतःही एक घालतो. आमच्या गावात असे मानत की ती गाठ मेजवानी संपेपर्यंत सोडायची नाही. आधी सोडली तर घराची बरकत निघून जाते.

विदोये ही रीत पाळायचा, पण स्वतःच्या क्रमाने. आधी मला पेटीत घालायचा, पेटीची कडी लावायचा, आणि मगच टॉवेलासाठी मान पुढे करायचा. इतकी वर्षे कुणी काही म्हटले नव्हते, कारण कुणाच्या ते ध्यानातही आले नव्हते.

ते घर मिलिसावचे होते. मिलिसाव हा विदोयेचा कूम. कूम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहणारा, आणि पुढे मुलांना नाव देणारा माणूस. विदोयेच्या मुलीचे नाव मिलिसावनेच ठेवले होते. हे नाते सख्ख्या भावापेक्षा मोठे धरतात, आणि ते मोडणे म्हणजे पाप समजतात. मिलिसाव व्हिएन्नाला रस्त्याच्या कामावर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन येऊन, एकेक भिंत करत त्याने हे घर उभे केले होते. त्याच्या आईने, येलिसावका आजीने, या छपरासाठी मागावर दोन टॉवेल विणून पेटाऱ्यात ठेवले होते. एक विदोयेसाठी, एक मुलासाठी. छप्पर चढायच्या आधीच्या हिवाळ्यात ती गेली.

त्यामुळे त्या दिवशी मिलिसाव सकाळपासून हळवा झाला होता, आणि त्याने आलुबुखाराची दारू, म्हणजे राकियाही, जरा सढळ हाताने घेतली होती. आढे बसल्याबरोबर त्याला धीर धरवेना. विदोये खाली उतरतो न उतरतो तोच त्याने आईचा एक टॉवेल विदोयेच्या आणि दुसरा स्वतःच्या गळ्यात घातला, गाठी मारल्या आणि विदोयेला मिठी मारून रडला. अशा माणसाला थांब, आधी करवत पेटीत घालतो, असे कसे सांगणार? मी लाकूड कापायच्या घोडीवर तशीच पडून होते. माझा प्लग बोर्डात होता.

मिठ्या झाल्या, फोटो झाला, कोकरू चुलाणावरून उतरले. तेवढ्यात मिलिसावला दिसले की फाटकावरच्या छपराच्या कडेची एक फळी वीतभर बाहेर आली आहे. तिहोमिर ती काढून खाली घेऊन आला आणि त्याने घोडीवर ठेवली.

"ही शेवटची फळी मी कापणार," मिलिसाव म्हणाला. "घर माझं आहे."

"काप की," विदोये म्हणाला. "तिहोमिर, कूमला हातकरवत दे."

"हातकरवत? अरे, व्हिएन्नात मी डांबर फोडायचं मशीन चालवतो. तुझं हे खेळणं मला झेपणार नाही होय?"

"झेपेल. टॉवेल काढ आणि काप."

मिलिसावने आपल्या छातीवरच्या गाठीवर हात ठेवला. "आईच्या हातचा आहे. आज गाठ सोडायची नसते हे मी तुला सांगायचं? का माझ्या घराला बरकत नको तुला?"

"बरकत हवी म्हणूनच सांगतोय."

मिलिसावने मला उचलले आणि खटका दाबला. त्याच्या हातात जोर खूप होता, पण पकड सैल होती. तो फळीवर वाकला तशी टॉवेलाची दोन्ही टोके पुढे लोंबली आणि माझ्या वाऱ्याने त्या लाल दशा थरथरू लागल्या. लाकडापेक्षा त्याच मला जास्त जवळ होत्या. आणि तेवढ्यात माझा आवाज बसला. विदोयेने प्लग ओढला होता.

"लाव," मिलिसाव म्हणाला.

"नाही."

"विदोये, माझं अंगण, माझी वीज, माझे पाहुणे. सगळ्यांसमोर माझी शोभा करू नकोस. लाव."

"आधी टॉवेल, कूम."

मिलिसावचा चेहरा टॉवेलाच्या नक्षीसारखा लाल झाला. "मग ऐक," तो अगदी हळू म्हणाला. "प्लग लावतोस की नाही ते तुझं तू बघ. नाही लावलास, तर आजपासून मी तुझा कूम नाही."

स्तामेंकाने पदरासारखे धरलेले डोक्याचे फडके तोंडावर घेतले. मला विदोयेचा हात दिसत होता, प्लग धरलेला. तो हात मी कधी थरथरताना पाहिला नव्हता, तो त्या दिवशी थरथरत होता. एवढीशी फळी. एवढासा वेळ. प्लग लावला असता तर कदाचित काही झालेही नसते. मित्रांनो, पुष्कळदा काहीच होत नाही, आणि तेच फार वाईट आहे, कारण त्यामुळे माणसांना वाटते की काही होणारच नाही.

विदोयेने प्लग तिहोमिरच्या हातात दिला. मग त्याने आपल्या छातीवरची गाठ सोडली. बायका चुकचुकल्या, एक म्हातारा क्रॉसची खूण करू लागला. येलिसावका आजीने विणलेला टॉवेल त्याने गळ्यातून काढला, आणि कोपऱ्यातला माणसाएवढा एक वासा आणला. तो त्याने घोडीला पक्का बांधला, असा तिरपा, की जसा एखादा माणूस कामावर वाकला आहे. वाशाच्या वरच्या टोकाला टॉवेल घातला, तशीच सैल गाठ मारली आणि दशा फळीवर लोंबू दिल्या. फळी आवळून घट्ट केली.

"सगळे मागे व्हा. अजून मागे. पोरांना भिंतीपलीकडे न्या," तो म्हणाला. "तिहोमिर, मी सांगितलं की लाव. मी ओरडलो की ओढ. आज कुणाला हसवू नकोस."

"नाही हसवत, दाजी," तिहोमिर म्हणाला.

विदोयेने बटणे पाहिली, चष्मा चढवला, मला दोन्ही हातांनी धरले आणि बाजूला उभा राहिला. "लाव."

मी फळीत शिरले. भुसा उडाला. दशांचे एक टोक माझ्या दातांना लागले, आणि पुढचे मलाही नीट सांगता येणार नाही, इतक्या लवकर ते झाले. मला टॉवेल कळत नाही, वासा कळत नाही, माणूस कळत नाही. जे हाताला लागले ते मी ओढून घेते. कापड माझ्या पात्याभोवती गुंडाळले गेले आणि त्या कापडाला धरून मी वर चढले, सरळ गाठीच्या दिशेने. विदोये ओरडला, त्याने खटका सोडला, तिहोमिरने प्लग ओढला. तोवर मी वाशाला चावले होते.

मिलिसाव पुढे आला. वाशावर गाठीच्या जरा खाली एक खोल चीर पडली होती. त्याने त्यात बोट घातले. बोट पेरभर आत गेले. मग त्याने तेच बोट स्वतःच्या गळ्यावर, टॉवेलाखाली त्याच जागी ठेवले. माझ्या पात्यातून लाल दोरे लोंबत होते.

"आईनं विणलेला," तो म्हणाला.

"हो," विदोये म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "ती इथं असती ना, तर प्लग ओढायला मला जावंच लागलं नसतं. तिनंच ओढला असता, आणि तुझ्या कानाखाली काढली असती."

मिलिसावने त्या चिरेवरून एकदा हात फिरवला. मग त्याने विचारले, "हातकरवत कुठाय?"

मी नुसतीच चाखलेली ती शेवटची फळी त्याने हातकरवतीने कापली. टॉवेल गळ्यात तसाच होता, आणि हातकरवतीला त्याची काही हरकत नव्हती. अर्ध्यावर येईपर्यंत त्याला घाम फुटला.

"कूम, व्हिएन्नाचं डांबर यापेक्षा मऊ असतं का?" तिहोमिरने विचारले, आणि एवढा वेळ अडकलेले हसू सगळ्या अंगणाला फुटले. मिलिसावही हसला. मेजवानी संपल्यावर त्याने आपली गाठ सोडली आणि तो टॉवेल विदोयेच्या गळ्यात घातला. माझ्या दातांतून काढलेला फाटका टॉवेल त्याने घडी करून खिशात ठेवला.

"हा मी ठेवतो," तो म्हणाला. "तुला शिव्या द्यायला काहीतरी निमित्त पाहिजे ना."

त्या दिवसानंतर गावात एक नवी रीत पडली. आढे चढले की मालक आधी बोर्डाशी जातो, सगळ्यांना दिसेल असा प्लग ओढतो आणि मगच पहिली गाठ बांधतो. हा मान आता मालकाचा समजला जातो. आता तर गावात अशी पोरेही आहेत ज्यांना वाटते की हे पूर्वापार चालत आले आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

पुढे मी म्हातारी झाले. बॅटरीवर चालणाऱ्या हलक्या करवती आल्या, तिहोमिरने एक घेतली आणि तिचे कौतुक मला ऐकवून ऐकवून केले. मी फळीवर पडून राहू लागले. विदोये अधूनमधून मला खाली घ्यायचा, धूळ पुसायचा, झाकणाच्या स्प्रिंगला तेलाचा थेंब द्यायचा. एका ओल्या सकाळी त्याने मला चालू केले आणि त्याच्या मनगटाला झिणझिणी आली. माझ्या वायरीवरचे रबर कडक होऊन तडकले होते, आणि आत मोटरही जळकट वास टाकत होती.

"टेप गुंडाळ," तिहोमिर म्हणाला. "अजून पाचपन्नास छपरं होतील. नाहीतर मला दे, शेजाऱ्यांना वापरायला होईल."

विदोयेने प्लग काढला. मला मांडीवर घेऊन तो थोडा वेळ बसला. मग पक्कड घेतली आणि माझी वायर अगदी मुळाशी तोडली. मला वाईट वाटले का? वाटले. कुणाला वाटणार नाही? पण जो माणूस आपल्या हातून कुणाला इजा होऊ नये म्हणून आयुष्यभर जपून वागला, त्याने माझ्या हातूनही होऊ दिली नाही. याहून माझी जास्त काळजी कुणी घेतली असती?

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घरात, शाळेत, कारखान्यात माझी जी भावंडे आहेत त्यांच्यावर प्रेम करा, पण विश्वास ठेवू नका. आम्ही वाईट नाही, आम्हाला काही कळत नाही. कळायचे काम तुमचे आहे. आमची झाकणे उघडी ठेवू नका, आमच्या वायरी तडकल्या तर दया दाखवू नका. आणि कुणी तुमचा प्लग ओढला, तर रागावण्याआधी त्याच्या हाताकडे बघा. तो हात थरथरत असेल.

वायर तोडली ही बातमी मिलिसावला कळली. तोही तोवर म्हातारा होऊन गावी परत आला होता. संध्याकाळी तो काठी टेकत आला आणि त्याने खिशातून तो फाटका टॉवेल काढला. एका बाजूच्या दशा गेलेल्या, लाल नक्षी अर्धी राहिलेली.

"प्लग काढलायस?" त्याने विचारले.

"प्लगच राहिला नाही, कूम," विदोये म्हणाला.

"मग बांधू?"

"आता बांध."

मिलिसावने तो टॉवेल माझ्या मुठीभोवती घातला आणि सैल गाठ मारली. इतकी छपरे मी कापली, इतक्या माणसांच्या गळ्यात हा मान पाहिला, पण त्या एका दिवसाखेरीज विदोयेने तो माझ्या अंगाला कधी लागू दिला नव्हता. त्या रात्री दोघांनी माझ्याजवळ बसून एकेक पेला राकिया घेतली आणि मला भिंतीवर टांगले. मेजवानी संपली असे मात्र दोघांपैकी कुणीच म्हटले नाही, म्हणून ती गाठ अजून कुणी सोडलेली नाही.